अ‍ॅडव्हान्स्ड इंग्रजीच्या वर्गात ‘कशावरून?’ हा शब्द फार येतो

कागल तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: मुलगी गावातल्या शाळेत मराठी माध्यमातून शिकली, दहावीला इंग्रजीत ९२ मार्क पडले. आता कोल्हापुरात अकरावी आर्ट्‌सला आहे. कॉलेजनं एक चाचणी घेऊन तीसेक मुलांचा इंग्रजीचा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ वर्ग केलाय आणि त्यात तिचं नाव आलंय. पोरगी आनंदात आहे आणि घाबरलीही आहे. त्या वर्गात नेमकं काय असतं, शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांपुढं तिचा निभाव लागेल का, मार्क घसरतील का, जोडीला ट्यूशन लावावी का?

ताई, मी कोल्हापुरात सत्तावीस वर्षं अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतेय. त्यातली अकरा वर्षं असाच एक वर्ग माझ्याकडं आहे. तुमच्या मुलीसारख्या मुली दर जूनमध्ये समोर येऊन बसतात, शेवटून दुसऱ्या बाकावर, भिंतीकडेला. त्यामुळं उत्तर जरा सविस्तर देते.

आधी एक गैरसमज काढू. आपल्या राज्य मंडळात ‘अ‍ॅडव्हान्स्ड इंग्रजी’ नावाची वेगळी परीक्षा नाही. पुस्तक तेच, बालभारतीचं युवकभारती. पेपर तोच, ८० मार्क लेखी आणि २० तोंडी व अंतर्गत. पुस्तकाचे भागही सगळ्यांना तेच: गद्य, पद्य, लेखनकौशल्यं आणि चौथा भाग अकरावीला नाटक, बारावीला कादंबरी. सीबीएसईत इंग्रजी कोअर आणि इंग्रजी इलेक्टिव्ह असे दोन निराळे विषय असतात, तसं हे नाही. कॉलेज स्वतःच्या हौसेनं आणि जबाबदारीवर हा वर्ग चालवतं. गुणपत्रिकेवर त्याची नोंद येत नाही. कुणी ‘सर्टिफिकेटला वजन येईल’ म्हणून सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका.

मग फरक कुठं पडतो? नेहमीच्या वर्गात माझ्यापुढं शंभरच्या आसपास मुलं असतात. एक कविता दोन तासांत आटपावी लागते. अर्थ सांगायचा, अलंकार सांगायचे, प्रश्न सोडवून घ्यायचे, पुढं जायचं. तीस मुलांच्या वर्गात त्याच कवितेला मी सहा तास देते. आणि त्या सहा तासांत माझ्या तोंडी एक प्रश्न सारखा असतो: कशावरून?

दहावीपर्यंत इंग्रजीत ‘काय’ विचारतात. कोण कुठं गेला, कुणी काय म्हटलं, कोणता अलंकार आहे. उत्तर पुस्तकात पडलेलं असतं, ते शोधून उचलायचं. तुमच्या मुलीला ते उत्तम जमतं, ९२ मार्क त्याचेच आहेत. इथं मात्र ती काहीतरी म्हणेल आणि मी विचारेन, हे तुला कशावरून वाटलं? कोणत्या शब्दावरून? पहिले पंधरा दिवस मुलांना वाटतं की आपलं चुकलंय म्हणून मॅडम विचारतायत. तसं नसतं. बरोबर उत्तरालाही मी तेच विचारते.

एक तास तुम्हाला दाखवतेच. दिलीप चित्र्यांची एक इंग्रजी कविता सध्याच्या बारावीच्या पुस्तकात आहे. उशिराच्या लोकलनं घरी परतणारे वडील, असा तिचा विषय. मी ती अकरावीच्याच पावसाळ्यात घेते, कारण कवितेतही पाऊस आहे आणि मुलांच्या चपलाही तेव्हा चिखलानं भरलेल्या असतात. वडील पिवळ्या उजेडात गर्दीत उभे आहेत, कपडे ओले, पिशवी पुस्तकांनी ठासून भरलेली आणि फाटायला आलेली. स्टेशन आल्यावर ते उतरतात, रूळ ओलांडून गल्लीत शिरतात. चपलांना चिखल चिकटलाय, तरी घाईघाईनं चालतात. घरी काय? पाणचट चहा आणि शिळी चपाती. मुलं त्यांना आपल्यात घेत नाहीत. रात्री रेडिओची खरखर ऐकत ते झोपतात.

नेहमीच्या वर्गात इथं मी ‘वडिलांचा एकाकीपणा’ असं फळ्यावर लिहून पुढं गेले असते. या वर्गात गेल्या वर्षी मी फक्त एक प्रश्न ठेवला. घरी कुणी वाट बघत नाही, गरम जेवण नाही, बोलणारं कुणी नाही, तर मग हा माणूस घाई का करतोय?

बराच वेळ कुणी बोललं नाही. तसं झालं की मी बोलायची घाई करत नाही, त्या शांततेतच विचार होतो. मग एक मुलगा म्हणाला, पाऊस आहे म्हणून. कशावरून? कपडे तर आधीच ओले आहेत, आता भिजायचं काय राहिलंय? तो हसला, म्हणाला बरोबर आहे. मग भिंतीकडेची एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जातात. ती मराठीतच म्हणाली, “सवय असते मॅडम. आमचे पप्पा पण पळतच येतात, आणि आले की गप्प बसून राहतात.”

वर्ग एकदम स्तब्ध झाला. इतकं चांगलं वाचन त्या दिवशी दुसऱ्या कुणीच केलं नव्हतं. पण मी तिलाही विचारलं, हे कवितेत कुठं आहे? पप्पांवरून तुला प्रश्न कळला, ते मोलाचं आहे. आता उत्तर मात्र कवितेतून काढायचं. ती पुन्हा खाली बघून वाचू लागली. आणि तिला सापडलं की गाडीतून उतरणाऱ्या त्या माणसाला कवीनं वाक्यातून गळून पडलेल्या शब्दाची उपमा दिली आहे. ती म्हणाली, शब्द गळाला तरी वाक्य थांबत नाही, गाडी पुढं जातेच. म्हणजे ते नसले तरी कुणाचं काही अडत नाही, आणि हे त्यांना माहीत आहे. घर ही एकच जागा आहे जिथं त्यांचं काही अडत असेल असं त्यांना अजून वाटतं, म्हणून घाई.

यात शेवटचं वाक्य तिनं स्वतःचं घातलं होतं, आणि त्यावर पुढचा अर्धा तास वाद झाला. दोन मुलांना ते पटलं नाही आणि त्यांनी कवितेतल्या मुलांच्या वागण्याच्या ओळी दाखवून तिला अडवलं. तिनं थोडं मागं घेतलं, थोडं धरून ठेवलं. चांगल्या दिवशी वर्गात हे असं घडतं. रोज घडत नाही, तेही सांगते. महिन्यातून दोन-तीन तास असे जमतात, बाकीच्या तासांत त्यांची तयारी चालते.

आता लिखाणाकडं येते, कारण मुलीला पहिला धक्का तिथं बसणार आहे. पहिल्या निबंधाला तिला दहापैकी चार किंवा पाच मार्क पडतील. ९० च्या वर मार्क घेणारी पोर त्या दिवशी घरी येऊन रडेल. तिला ओरडू नका आणि ‘मॅडमला काय कळतं’ असंही म्हणू नका. ते चार मार्क कशाचे असतात बघा. याच कवितेवर एका हुशार मुलीनं लिहिलं होतं, इंग्रजीतच, त्याचा मराठी अर्थ असा: ‘कवीनं वडिलांच्या एकाकीपणाचं अतिशय सुंदर आणि हृदयस्पर्शी चित्रण केलं आहे. ही कविता आधुनिक जीवनावर प्रकाश टाकते.’ इंग्रजी शुद्ध, स्पेलिंगची एकही चूक नाही. मी तिला म्हटलं, यातून या कवितेचे वडील काढ आणि दुसऱ्या कुठल्याही कवितेतली आजी घाल. वाक्यं तशीच चालतात की नाही? चालतात. म्हणजे ती या कवितेबद्दल काहीच बोलत नाहीत. ती गाईडची वाक्यं आहेत, इतकी वर्षं पाठ करून ती हाताला चिकटलेली असतात.

दुसऱ्या खर्ड्यात तिनं लिहिलं: ‘वडील घरात आले तरी त्यांच्याशी कुणी एक शब्दही बोलत नाही. कवितेच्या शेवटी त्यांना ऐकू येणारा एकमेव आवाज रेडिओच्या खरखरीचा आहे, आणि त्यातही शब्द नाहीत.’ इंग्रजीत एक ‘द’ राहून गेला होता. मी दहापैकी आठ दिले. पहिल्या दोन वाक्यांत आणि या दोन वाक्यांत जे अंतर आहे, ते दोन वर्षांत पार करायचं असतं. काही मुलं दिवाळीपर्यंत पार करतात, काहींना बारावीची प्रिलिम उजाडते.

म्हणून प्रत्येक लिखाण दोनदा, कधी तीनदा होतं. पहिला खर्डा वर्गातच, हातानं. हल्ली फोनवरून तयार मजकूर उतरवून आणायची सोय झाली आहे आणि तो मजकूर नेमका त्या गाईडच्याच वाक्यांसारखा असतो, गुळगुळीत आणि कुठंही बसणारा. फसवल्याबद्दल मी मुलांवर रागावत नाही. वाईट याचं वाटतं की विचार करायची पाळी आली तेव्हाच त्यांनी ती दुसऱ्याला देऊन टाकली.

तिच्या इंग्रजीत मराठीच्या खुणा दिसतील. त्यातल्या दोन-तीन आधीच सांगून ठेवते, म्हणजे लाल पेन बघून दचकायला होणार नाही. आपण सहज म्हणतो, ‘काल मी कागलला गेले होते.’ ते जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की ‘आय हॅड गॉन टू कागल यस्टरडे’ होतं. मराठीत ‘गेले होते’ हा साधा भूतकाळ म्हणूनही चालतो. इंग्रजीत ‘हॅड गॉन’ म्हटलं की ऐकणारा वाट बघतो, त्यानंतर काय घडलं? तिथं नुसतं ‘वेंट’ पुरतं. तसाच आपला ‘च’. ‘आजच’ म्हणायचं म्हणून मुलं ‘टुडे ओन्ली’ लिहितात. आणि ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ यांच्यासारखं मराठीत काही नाहीच, त्यामुळं ते गाळले जाणार. या चुका बावळटपणाच्या नाहीत. दुसरी भाषा चांगली येत असल्याच्या त्या खुणा आहेत, आणि कारण एकदा कळलं की वर्षभरात बऱ्याचशा जातात. नुसते नियम पाठ करून मात्र जात नाहीत. बाकीचं व्याकरण तिनं दहावीपर्यंत भरपूर केलंय, त्याची काळजी करू नका.

बोलण्याची भीती तिला सगळ्यात जास्त असणार. शहरातली, इंग्रजी माध्यमातली मुलं पहिल्या दिवसापासून फडाफड बोलतात. ऐकून आपल्या पोरी आक्रसून जातात. सत्तावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते, ते फडाफड बोलणं आणि नीट वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या मुलांना वेगाचा फायदा असतो. पण वेगामुळंच ती ओळीवरून घसरत जातात, कारण प्रत्येक शब्द त्यांना ओळखीचा वाटतो. तुमच्या मुलीला ‘स्टेल’ शब्दापाशी थांबावं लागेल, कोश बघावा लागेल, आणि ‘शिळी चपाती’ कळल्यावर तिला त्या स्वयंपाकघराचा वाससुद्धा येईल. पहिला महिना ती बोलली नाही तरी चालेल. माझ्या वर्गात पहिले सहा आठवडे मराठीत उत्तर द्यायला मुभा असते, फक्त ओळ इंग्रजीतली दाखवायची. सगळीकडं अशी मुभा मिळेलच असं नाही. नसेल तर तिनं उत्तर आधी कागदावर एका वाक्यात लिहावं आणि बघून वाचावं. त्यात कमीपणा नाही. उच्चारांचं म्हणाल तर समोरच्याला कळेल इतके स्पष्ट हवेत, एवढंच.

आणि कृपा करून तिचं मराठी वाचन बंद करू नका. ‘आता फक्त इंग्रजी’ असं घरात जाहीर करणारे आईवडील मी खूप पाहिलेत. ज्या चित्र्यांची कविता वर सांगितली, ते मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहायचे. त्यांनी तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले, ते पुस्तक १९९१ साली आलं. आपल्या राजाराम कॉलेजचे एके काळचे प्राचार्य वि. कृ. गोकाक इंग्रजीचे प्राध्यापक, आणि कवी कन्नडचे. त्यांना पुढं ज्ञानपीठ मिळालं ते कन्नड साहित्यासाठी. ज्याला आपल्या भाषेतल्या ओळीपाशी थांबायची सवय आहे, तोच परक्या भाषेतल्या ओळीपाशी थांबतो. मुलगी शहरात येतेच आहे तर करवीर नगर वाचन मंदिरात एकदा जाऊ दे. १८५० सालची संस्था आहे. एक पुस्तक मराठी, एक इंग्रजी, असं वाचत जावं.

वाचनाचा भार किती? पुस्तकाबाहेरचं आठवड्याला पंधरा-वीस पानं धरा. एखादी कथा, वर्तमानपत्रातला अग्रलेख, नाटकातला एखादा प्रवेश. नाटक मोठ्यानं वाचायचं असतं, घरात आवाज येईल, येऊ द्या. प्रत्येक अडलेला शब्द कोशात बघायचा नाही, नाहीतर तीन पानांत पोर थकते. पहिल्यांदा सलग वाचायचं, पेन्सिलीनं खुणा करायच्या, आणि दुसऱ्या वाचनात ज्या शब्दावाचून वाक्यच अडतंय तेवढेच बघायचे. लिखाण धरून आठवड्याला चार तास घरी लागतील. कागलहून रोज एसटीनं येणार असेल तर हे चार तास कुठून काढायचे ते आत्ताच ठरवा. बसमधल्या वेळात वाचन होतं, लिखाण होत नाही.

ट्यूशन लावू नका. पैसे वाचतील हे झालंच, पण खरं कारण वेगळं. ट्यूशनमध्ये तयार उत्तरं देतात आणि इकडं मी त्याच उत्तरांची सवय मोडायला बसलेली असते. दोन्हीकडून ओढाताण होते आणि मुलगी मधे सापडते. माझ्याच अकरावीत माझे एक शिक्षक गाईड समोर धरून उत्तरं सांगायचे, आम्ही उतरवायचो. मला ७८ मार्क पडले आणि बी.ए.ला गेल्यावर कळलं की मला एक परिच्छेद स्वतःहून लिहिता येत नाही. ती दोन वर्षं भरून काढायला मला पुढं चार वर्षं लागली.

बोर्डाच्या मार्कांचं बोलते, कारण तो प्रश्न खरा आहे. पहिल्या घटक चाचणीत आणि बहुधा सहामाहीतही तिचे मार्क खाली येतील. बारावीपर्यंत ते परत वर येतात, कारण बोर्डाच्या पेपरातही न पाहिलेला उतारा, सारांश, कवितेचं रसग्रहण, मतप्रदर्शन हे असतंच, आणि तिथं पाठांतर कामाला येत नाही. सारांश म्हणजे मजकूर तिसऱ्या हिश्शात आणायचा. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवायला ‘कशावरून’चीच सवय लागते. तरी शेवटच्या तीन महिन्यांत पेपरचा आराखडा, वेळेचं गणित, उत्तराची मांडणी यांचा सराव वेगळा करावा लागतो. वर्ग तो करून घेणार आहे का, हे कॉलेजला आधीच विचारा. नुसत्या साहित्यप्रेमात हा भाग विसरणारे शिक्षकही असतात आणि त्याचा फटका मुलांना बसतो.

पुढं उपयोग काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात कुणीतरी विचारेलच. आपल्या भागातली मुलं सैन्यात अधिकारी व्हायची स्वप्नं बघतात. एनडीएच्या लेखी परीक्षेत सामान्य क्षमतेच्या ६०० मार्कांच्या पेपरात २०० मार्क एकट्या इंग्रजीचे आहेत. पाच वर्षांच्या लॉच्या सीईटीत इंग्रजी आहे. आणि कोणत्याही शाखेला गेली तरी पुस्तकं इंग्रजीत समोर येणार. एखाद्या माणसानं छापून ठेवलंय म्हणून ते मान्य न करता ‘कशावरून’ विचारायची सवय तिला वकिलीत कामाला येईल, नर्सिंगमध्ये येईल, ग्रामपंचायतीच्या सभेतही येईल.

हा वर्ग कुणी घेऊ नये, तेही सांगते. सायन्सची जी मुलं पहाटे नीटच्या क्लासला जातात आणि रात्री आठला घरी येतात, त्यांना मी स्वतः हा वर्ग सोडायला सांगते. अर्धवट केला तर यातून फक्त अपराधी वाटतं. तुमची मुलगी आर्ट्‌सला आहे, वेळ आहे, आणि आनंदात आहे असं तुम्हीच लिहिलंय. दिवाळीपर्यंत बघा. तोवरही तिला सकाळी पोटात गोळा येत असेल, वही उघडायची इच्छा होत नसेल, तर शिक्षकांना भेटून नेहमीच्या वर्गात जाऊ द्या. पुस्तक तेच असल्यामुळं तिचं काही बुडत नाही.

तुम्हाला इंग्रजी येत नाही म्हणून मदत करता येणार नाही, असं तुम्ही लिहिलंय. येईल की. रात्री भाकरी करताना तिला म्हणा, आज काय वाचलं ते मराठीत सांग. ती सांगेल. मग तुम्हाला जे खटकेल ते विचारा: तो माणूस असं का वागला? आणि तिनं काही सांगितलं की म्हणा, कशावरून गं? तिला पुस्तक उघडून बघावं लागेल.

पहिल्या दिवशी दोनशे पानी एक वही द्या, आखीव. उजव्या पानावर लिहायचं, डावं पान कोरं ठेवायचं. दुसरा खर्डा तिथं येतो. आणि पेन्सिल द्या, चांगली टोकदार, पुस्तकात खुणा करायला. नवंकोरं पुस्तक खराब होतं म्हणून मुली खुणा करत नाहीत. तिला सांगा, आईनं परवानगी दिली आहे.